मेणाच्या पट्ट्यातली सुई

एक

प्लॅटिनमला गंज चढत नाही. म्हणूनच चिमट्यात धरलेली ती सुई डॉक्टर देवरावांनी पुन्हा पुन्हा उजेडात फिरवून पाहिली. सुईच्या टोकाशी तांबूस डाग होता.

१९३७ सालचा वैशाख. धंतोलीतल्या त्यांच्या खाजगी दवाखान्याच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले होते, तरी आत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. टेबलावर शिशाच्या जाड पाट्यांआड मेणाचा एक रुंद पट्टा पडला होता. गळ्याभोवती बसावा असा तो घडवलेला होता आणि मागे बांधायला त्याला नाड्या होत्या. त्या मेणात रेडियमच्या सुया रुतवलेल्या होत्या. दिसायला साध्या शिवणाच्या सुईएवढ्या, पण आतून पोकळ. त्या पोकळीत कणभर रेडियम आणि वरून प्लॅटिनमचं कवच. हा पट्टा रुख्मिणी नावाच्या रुग्ण बाईसाठी होता. तिच्या मानेतली कॅन्सरची गाठ ओसरू लागली होती, त्यामुळे पट्टा सैल झाला होता. तो नव्याने बसवायचा म्हणून डॉक्टर एकेक सुई काढत होते.

त्यांनी रुख्मिणीच्या धाकट्या बहिणीला आत बोलावलं. चारुशीला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. नागपुरात रेडियमबद्दल तिच्याइतकी माहिती असलेली माणसं फार नव्हती.

तिने भिंग लावून सुई पाहिली आणि टेबलावर ठेवली.

"ही पोकळ नाही, डॉक्टरसाहेब. पोलादाची आहे. ग्रामोफोनची पिन आहे ही."

"म्हणजे खरी कोणीतरी काढून घेतली."

"आणि तुम्हाला कळू नये म्हणून ही खुपसली."

देवराव खुर्चीत बसले. सुया त्यांच्या मालकीच्या नव्हत्या. परप्रांतातल्या एका मोठ्या इस्पितळाने विश्वासावर वापरायला दिल्या होत्या. "मला त्यांना तार करावीच लागेल," ते म्हणाले. "आणि तार मिळाली की ते बाकीच्या सुयाही मागवून घेतील. परवा सकाळपर्यंत मी थांबतो. त्यापुढे नाही. पोलिसांनाही सांगावं लागेल."

"आणि ताईचे उपचार?"

"अर्ध्यावर थांबले तर गाठ पुन्हा वाढेल. दुसऱ्यांदा मग ती रेडियमला दाद देत नाही."

चारुशीलाला भेडसावणारी गोष्ट आणखी एक होती.

"डॉक्टरसाहेब, पट्ट्यातलं मेण सुई आणि कातडी यांच्यात अंतर राखतं. ज्याने सुई नेली त्याच्याजवळ मेण नाही. त्याने ती खिशात ठेवली असेल, कमरेला खोचली असेल. तो जळतोय, आणि त्याला ते अजून कळलंही नसेल."

दोन

चारुशीलाला रुख्मिणीनेच लहानाचं मोठं केलं होतं. आईबाप गेले तेव्हा रुख्मिणी नुकती विधवा होऊन माहेरी परतली होती. रामटेकचा पानमळा तिने एकटीने राखला आणि बहिणीला शिकायला नागपूरला पाठवलं. त्या बहिणीनेच आता तिला इथे आणलं होतं. पट्टा बांधायच्या पहिल्या दिवशी रुख्मिणी घाबरली, तेव्हा चारुशीलाने तिच्याजवळ बसून रेडियमची सगळी कहाणी सांगितली होती. पॅरिसच्या एका गळक्या शेडमध्ये क्यूरी नवराबायको मणामणाने माती उकळत बसले आणि त्यातून कणभर रेडियम काढलं. बेक्वेरेल नावाचा शास्त्रज्ञ रेडियमची नळी बंडीच्या खिशात घेऊन हिंडला, तर खिशाखालची कातडी भाजली. मग क्यूरीसाहेबांनी मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम बांधून पाहिलं. जे चांगलं मांस जाळतं ते वाईट मांसही जाळेल, हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं ते तिथून.

रुख्मिणीने ते सगळं एखादी पोथी ऐकावी तसं ऐकलं होतं.

पट्टा रोज सकाळी शिशाच्या पेटीतून निघे आणि दुपारी पेटीत जाई. पेटीची किल्ली डॉक्टरांच्या घड्याळाच्या साखळीला असे. ती ते कोणाला देत नसत. म्हणजे पट्ट्याला हात लागणारी माणसं मोजकीच. स्वतः डॉक्टर, पट्टा बांधणारी नर्स मनकर्णा आणि मेण तापवून देणारा कंपाउंडर गोपाळराव.

ग्रामोफोन तर दवाखान्यातच होता. पट्टा बांधून तासन्‌तास बसणाऱ्या रुग्णांचं मन रमावं म्हणून डॉक्टरांनी तो खाटेशेजारच्या तिवईवर ठेवला होता. त्याला चावी द्यायची, पिन बदलायची हे काम गोपाळरावाचं.

"मनात काय आहे तुमच्या ते समजलं मले," गोपाळराव तिला पाहताच उसळला. औषधाच्या खोलीत तो मलम घोटत होता. "पिना मी बदलतो, म्हणून चोर मी! त्या वापरलेल्या पिना वाटीत पडून राहतात. कोणीही उचलते."

"मेण तुम्हीच तापवता ना?"

"मीच तापवतो. हा डबा, हा स्पिरिटचा दिवा, हा उलथना. पाहून घ्या." त्याने सगळं तिच्यापुढे आदळलं. "ते रेडियम घेऊन मी काय करू, चाटू? मले तर त्या पेटीजवळून जायचीही भीती वाटते."

मनकर्णा व्हरांड्यात पट्ट्या गुंडाळत बसली होती. तिचे डोळे रडून आधीच लाल झालेले होते.

"पट्टा बांधला की मी इथी दाराजवळ येऊन बसते," ती म्हणाली. "डॉक्टरसाहेबच म्हणतात, जवळ थांबू नको, तुले बाधीन. वेळ झाली की सोडते आणि त्यांच्यासमोर पेटीत ठेवते. याच्या पलीकडे मले काही माहीत नाही, बाई."

"तिथे आणखी कोण जातं?"

"कोणी नाही. ते एक जिजाबाई तेवढी येत जाय, रामटेककडची. गालात कॅन्सर आहे तिले. डॉक्टरांनी तपासलं आणि नाही म्हटलं. तरी गावाले गेली नाही. रोज येऊन रुख्मिणीबाईच्या पायाशी बसे. दोघी बोलत राहत. मले तिच्याकडं पाहवत नव्हतं. लहान लहान पोरी आहे तिले मागे."

"आणि पेटीजवळ?"

"पेटीजवळ तर माशीही जात नाही."

चारुशीला उठली. मनकर्णाने तिचा हात धरला. "पोलीस आले तर सर्वात पहिले मलेच नेतीन, नाही का?"

चारुशीलाला खोटं बोलता येईना.

तीन

कॉलेजातून तिने इलेक्ट्रोस्कोप आणला. काचेच्या बरणीत धातूच्या काडीला सोन्याची दोन पातळ पानं लोंबत असतात. लोकरीवर घासलेली दांडी वरच्या टोकाला लावली की विजेच्या भाराने ती पानं एकमेकांपासून फाकतात आणि तशीच राहतात. जवळपास रेडियम असलं, तर त्याच्या किरणांनी भार निसटतो आणि पानं मिटतात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ते यंत्र चोख चालतं.

तिने दवाखान्याची खोलीन्‌खोली पालथी घातली. शिशाच्या पेटीपासून लांब गेल्यावर पानं फाकलेलीच राहिली. वापरलेल्या पट्ट्या जिथे जाळत त्या राखेवर यंत्र धरलं. पानं हलली नाहीत. गोपाळराव रागारागाने तिला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने पेट्या उघडून दाखवल्या, देवघरही दाखवलं. तिथेही काही नाही. मनकर्णाच्या खोलीत तर दोन लुगडी आणि एक कंदील याखेरीज काही नव्हतंच.

संध्याकाळ व्हायच्या आत ती रुख्मिणीजवळ येऊन बसली. पट्ट्याविना तिची मान उघडी होती. कातडी काळवंडली होती, पण गाठ खरोखर लहान झाली होती.

"सापडली?" रुख्मिणीने विचारलं.

"नाही."

"नाही सापडली तर जाऊ दे. इतकी कायले धावपळ करून राहिली? ज्याच्याजवळ असन त्याले फायदाच होईन ना तिचा."

"फायदा?" चारुशीला दिवसभराच्या थकव्याने चिडली. "ताई, मेणाशिवाय ती सुई अंगाला लावली तर माणूस भाजून निघेल. मेणामुळे तुझी कातडी वाचली. त्याची वाचणार नाही."

रुख्मिणी एकदम उठून बसली. "पण त्या साहेबानं तर दंडावर बांधली होती ना? तूच सांगितलं होतं."

"बांधली होती. आणि दंडाला जखम झाली, ती कितीतरी दिवस भरली नाही."

रुख्मिणी भिंतीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "पोलीस येईन का वं?"

"परवा येतील."

"जिजाबाई आली नाही आज. कालही आली नाही." तिने पदर तोंडाला लावला. समोर आलेलं ताट तिने तसंच सरकवून दिलं.

आजाराने बहीण हळवी झाली आहे, असं चारुशीलाने मनाशी म्हटलं. तिला स्वतःलाच रडू येत होतं. एक दिवस गेला होता आणि हाती काहीच नव्हतं.

चार

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यंत्र घेऊन दवाखान्यामागच्या गल्लीतून चालली होती. सीताबर्डीकडे जाणाऱ्या त्या गल्लीत ओमप्रकाशचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या दारात माणसं जमली होती. एक जाडजूड गृहस्थ लग्नाचे फोटो हवेत नाचवत ओरडत होते.

"ही नवरी आहे का भूत आहे? धुरात उभी केली होती का तिले?"

"शेठजी, माझी गलती नाही," ओमप्रकाश हात जोडत होता. "काचाच खराब निघाल्या. पूरा माल चौपट करून टाकला कंपनीनं. सोमवारपासून जी काच धुतो, ती काळीच!"

चारुशीला थबकली.

गिऱ्हाईक शिव्या देत निघून गेल्यावर ती आत गेली. "ओमप्रकाशजी, मला एक खराब काच दाखवाल?"

त्याने फोटो जिच्यावर उमटतो ती काच उजेडाला धरून दाखवली. नवरीच्या चेहऱ्यावर, शालूवर, मागच्या पडद्यावर सगळीकडे सारखंच करडं धुकं पसरलं होतं.

"अंधारात उजेड शिरला असेल."

"बाईजी, वीस साल झाले मले या धंद्यात. काचा काळ्या कागदात गुंडाळून, डब्यात बंद राहतात. आणि पाहा गंमत. पुढच्या कपाटातल्या काचा एकदम साफ. मागच्या कपाटातल्या सर्व खराब. एकाच खेपेचा माल आहे!"

एकाच खेपेचा माल. मग दोष कंपनीचा नव्हता. काळा कागद शाबूत होता, मग दोष उजेडाचाही नव्हता. चारुशीलाने काच पुन्हा उजेडाला धरली. चाळीस वर्षांपूर्वी बेक्वेरेलने युरेनियमचे खडे काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेवर ठेवून ती टेबलाच्या खणात टाकली होती. प्रयोगाला ऊन हवं होतं आणि आभाळ भरलेलं, म्हणून तो अडला होता. कंटाळून त्याने तीच काच धुतली, तर उजेड न लागताही ती काळी झालेली. न दिसणारे किरण कागदातून आरपार जातात, हे जगाला कळलं ते त्या खणातून.

"मागचं कपाट दाखवा," ती म्हणाली.

कपाट मागच्या भिंतीला लागून होतं. तिने इलेक्ट्रोस्कोप फळीवर ठेवला, दांडी घासली, टोकाला लावली. सोन्याची पानं फाकली आणि तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली येऊ लागली. भिंतीच्या आणखी जवळ नेल्यावर ती भराभर मिटली.

"या भिंतीपलीकडे काय आहे?"

"धर्मशाळा आहे. बाहेरगावचे पेशंट लोक उतरतात," ओमप्रकाश म्हणाला. "त्या खोलीत एक बाई आहे. दोन दिवस झाले, नुसती कण्हून राहिली बिचारी."

पाच

चारुशीला आधी दवाखान्यातून शिशाची लहान डबी आणि लांब चिमटा घेऊन आली. मग तिने धर्मशाळेच्या खोलीचं दार ढकललं.

कोपऱ्यात चटईवर जिजाबाई पडली होती. रुख्मिणीच्या पायाशी बसलेली असताना चारुशीलाने तिला पाहिलं होतं. पण तेव्हा तिचा चेहरा नेहमी पदराआड असे. आता हनुवटीपासून डोक्यापर्यंत एक फडकं बांधलेलं होतं. त्याच्या कडेने दिसणारा गाल लालभडक होता आणि कातडीची सालं निघत होती.

यंत्र खाली ठेवायचीही गरज पडली नाही. दारातच पानं मिटली होती.

"जिजाबाई, ते फडकं सोडा."

"नाही." जिजाबाईने दोन्ही हातांनी गाल झाकला. "आग होऊन राहिली म्हणजे औषध लागून राहिलं. थोडे दिवस राहू द्या. मग नेजा."

"ते औषध नाही राहिलं आता. तुम्हाला जाळून राहिलं ते."

"जळू द्या! कॅन्सरच जळते ना त्यानं?" ती उठून भिंतीला टेकली. डोळ्यांत नुसती भीती होती. "माह्या पोरी लहान आहे, बाई. मोठीले अजून भाकर थापता येत नाही. मी मेली तर कोण पाहीन त्याइले? पाया पडते तुमच्या."

ती खरंच पायांवर कोसळली. चारुशीला खाली बसली. तिने तिला उठवलं नाही, फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. जिजाबाईचं रडणं ओसरल्यावर तिने फडक्याची गाठ सोडली. घडीत सुई शिवलेली होती. चिमट्याने टाका तोडून तिने ती शिशाच्या डबीत टाकली आणि झाकण लावलं. कोणी तिची पोरगीच उचलून नेत असावं, तशी जिजाबाई त्या डबीकडे पाहत राहिली.

"सुई तुम्ही काढली का पट्ट्यातून?"

"मी कायले काढू? पट्ट्याले मी हातही नाही लावला. मले दिली."

"कोणी?"

जिजाबाईने पुन्हा पदर गालावर ओढला.

"जिजाबाई, उद्या पोलीस येतील."

"येऊ द्या. मी गडावरच्या रामाची आण घेतली आहे. ते नाव माह्या तोंडातून निघणार नाही."

सहा

"मनकर्णाच!" देवरावांनी टेबलावर मूठ आपटली. सुई सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर क्षणभरच टिकला. "त्या बाईचा तिला कळवळा होता. पट्टा बांधतानाच तिने सुई काढली असणार. तिला आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

मनकर्णा दारात उभी होती. ती पदराने डोळे पुसू लागली.

"डॉक्टरसाहेब, थांबा. तो पट्टा मला पुन्हा दाखवा," चारुशीला म्हणाली.

सुया काढलेला पट्टा तिने खिडकीजवळ नेला. ग्रामोफोनची पिन जिथे होती तिथलं मेण तिने भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"इथे मेण वरून दाबून बसवलंय. पण ते वितळलेलं नाही. दिव्यावर तापवलेलं मेण गुळगुळीत बसतं. हे बोटांनी मळून लावलंय. आणि हे मेण आलं कुठून?" तिने पट्टा उलटा केला. "कडेला पाहा. नखांनी कुरतडून काढलंय. पट्ट्याचंच मेण पट्ट्याला लावलंय."

"मग?"

"मनकर्णाला मेण हवं असतं तर औषधाच्या खोलीत डबाभर आहे. दिवा आहे, उलथना आहे. गोपाळरावांच्या तर ते हाताशीच. त्यांना कडा कुरतडायची काय गरज? ज्याने हे केलं त्याच्याजवळ दिवा नव्हता, हत्यार नव्हतं आणि जागेवरून उठण्याची सोय नव्हती. मेण मऊ करायला त्याच्याजवळ फक्त अंगाची ऊब होती. वापरलेल्या पिनांची वाटी मात्र हात लांबवला की सापडत होती."

बोलता बोलता तिचा आवाज मंदावला. पुढचा प्रश्न तिने विचारला तो डॉक्टरांना, पण पाहत होती ती पट्ट्याकडे.

"पट्टा पेटीबाहेर असतो तेव्हा कुठे असतो?"

"रुग्णाच्या गळ्यात," देवराव म्हणाले आणि एकदम थांबले.

चारुशीलाने भिंग खाली ठेवलं. सगळ्यांना प्रश्न विचारले, घरं धुंडाळली, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिला एक प्रश्नही विचारला नव्हता.

चारुशीला तिच्याकडे गेली तेव्हा रुख्मिणी खाटेवर बसूनच होती. बहिणीचा चेहरा पाहून तिला कळलं.

"जिजाबाई कशी आहे?" तिने पहिलं हेच विचारलं.

"गाल भाजला तिचा. खूप भाजला."

रुख्मिणीने डोळे मिटले. "माह्या हातानं झालं. तू काल म्हटलं तवाच समजलं मले. सांगणार होती तुले. पण पोलीस म्हटलं तू, आणि जीभ अडली. तिले नेलं असतं ना धरून."

"काहून केलं, ताई? तुझं औषध होतं ते. तुझा जीव होता त्यात."

"म्हणून तर दिलं." रुख्मिणीचा आवाज शांत होता. "डॉक्टर तिले नाही म्हणाले. मले वाटलं, सुया एकीपुरत्याच असतीन म्हणून नाही म्हटलं. मले एवढ्या आणि तिले एकही नाही. तिच्या पोरी रोज विचारत असतीन, माय कवा येते. मले कोण आहे मागे?"

"मी आहे," चारुशीला म्हणाली. ती रडू लागली होती. "मी आहे ना वं, ताई."

रुख्मिणीने तिच्याकडे पाहिलं. बहिणीला असं रडताना तिने लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. तिने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. पण हट्ट सोडला नाही.

"तिले इलाज मिळाला तरच मी तो पट्टा बांधीन. नाहीतर मलेही नको. सांग तुह्या डॉक्टरले."

सात

देवरावांनी दुपारी धर्मशाळेत जाऊन जिजाबाईला तपासलं. बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं," ते म्हणाले. "रोग जबड्याच्या हाडात शिरलाय. हाडावर रेडियम लावलं की हाडच सडतं. सुया एकीपुरत्या म्हणून नाही म्हटलं नव्हतं मी. शंभर असत्या तरी नाहीच म्हटलं असतं. आता तर जखमेची भर पडली."

"हे तिला सांगितलं होतं तुम्ही?"

"सांगून काय समजणार होतं तिला?"

"तुम्ही नाही म्हणालात, पण का नाही ते सांगितलं नाहीत," चारुशीला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता. "तेवढं सांगितलं असतं तर ही सुई पट्ट्यातून निघालीच नसती."

देवरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "मनकर्णाची मी माफी मागेन. पोलिसांना बोलावणार नाही. सुया पुऱ्या आहेत तोवर उपचार चालू राहतील. पण तुमची बहीण तयार नसेल तर मी तरी काय करू?"

"जिजाबाईला मी सांगते," चारुशीला म्हणाली.

खोलीत जाऊन ती चटईवर जिजाबाईजवळ बसली. सोपं करून, काही न लपवता तिने सगळं सांगितलं. रोग कुठवर गेला आहे, रेडियम तिथे का चालत नाही, आणि पुढे काय होणार. जिजाबाई गाल धरून ऐकत होती. मधे एकदाही रडली नाही.

"म्हणजे हे जे जळलं, ते फुकटच?"

"हो."

"आणि पोरीपाशी किती दिवस राहता येईन मले?"

"पावसाळा कदाचित. नक्की कोणीच सांगू शकत नाही."

जिजाबाईने सोडलेलं फडकं उचलून त्याची घडी घातली. बाहेर गल्लीत बर्फाचा गोळा विकणारा ओरडत गेला.

"पयलेच सांगितलं असतं तर मी तवाच गावी गेली असती," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "आणि तिचं काय? पट्टा चालू झाला का तिचा?"

"नाही. बांधून घेत नाही ती."

"काहून?"

"तुम्हाला मिळत नाही म्हणून."

जिजाबाई भिंतीला धरून उठली. चारुशीलाने आधार द्यायला हात पुढे केला, पण ती तशीच चालू लागली. गल्ली ओलांडून, व्हरांड्याच्या पायऱ्या चढून ती रुख्मिणीच्या खाटेजवळ गेली. तिचा उघडा गाल पाहून रुख्मिणीने तोंडावर हात ठेवला.

"माफ कर वं मले," रुख्मिणी म्हणाली.

"माफी कायची मागते? मह्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं आजपर्यंत." जिजाबाईने दाराकडे पाहिलं. "कोठी आहे तो पट्टा?"

तोवर डॉक्टरांनी सगळ्या खऱ्या सुया बसवून पट्टा नव्याने घडवला होता. मनकर्णाने तो आणला. जिजाबाईने तिच्या हातून घेतला आणि रुख्मिणीच्या गळ्याला लावला. रुख्मिणीने तिचं मनगट धरलं.

"नको, जिजे."

"चूप बस. मले नाही लागू पडत ते. हाडात गेलं माह्या. तुले लागू पडून राहिलं." तिने मागे जाऊन नाड्या बांधल्या. "मह्यापायी तू पट्टा सोडला तर मी दोघींचं मरण घेऊन जाईन इथून. तेवढं ओझं माह्यानं उचलत नाही."

रुख्मिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जिजाबाईने पदराने ते टिपलं.

"रडू नको वं. गळा हालते."

आपण गेलो तर रुख्मिणी पुन्हा पट्टा सोडेल या भीतीने, उरलेले थोडे दिवस उपचार संपेपर्यंत जिजाबाई तिथेच राहिली. डॉक्टर जवळ बसू देत नसत, म्हणून ती मनकर्णाशेजारी दारात बसे आणि तिथून रुख्मिणीकडे लक्ष ठेवी. शेवटच्या दिवशी सुया शिशाच्या पेटीत बंद होऊन रेल्वेने परत गेल्या. त्याच दिवशी जिजाबाई रामटेकच्या गाडीत बसली. पुढे पावसाळ्यात देवराव दुखणं कमी करणारं औषध घेऊन एकदा तिच्या गावी जाऊन आले.

रुख्मिणीची गाठ विरघळली. मानेची कातडी आखडली होती, पण ती पानमळ्यावर परतली आणि पहिल्यासारखी वेल बांधू लागली.

पोळ्याच्या आधी जिजाबाई गेली. शेवटचे दोन दिवस चारुशीला तिच्याजवळ होती. तिथून ती तडक रामटेकला आली. रुख्मिणी वेलींच्या सावलीत उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"शेवटी दुखत होतं का तिले?" तिने विचारलं.

चारुशीलाला नाही म्हणावंसं वाटलं.

"हो, ताई," ती म्हणाली. "खूप दुखत होतं."

रुख्मिणीने मान हलवली. मग तिने बहिणीचा हात धरला आणि दोघी तिथेच, वेलींमधल्या ओल्या मातीत बसल्या.